वाचकांचे प्रश्न: न सापडलेला लेख कसा ओळखायचा?

सिस्टेमॅटिक रिव्ह्यूसाठी पबमेडसारख्या डेटाबेसमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या नोंदींच्या मोठ्या ऑनलाइन सूचीत, अभ्यास कसे शोधायचे, यावर बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी आणि संकेश्वर इथून आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. एका नेमक्या प्रश्नावर जगभर झालेले सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने गोळा करून, पारखून, एकत्र मांडायचे, हे या रिव्ह्यूचं काम. त्यातला ‘सगळे’ हा शब्दच सगळ्यात अवघड. पुढचं संख्याशास्त्र कितीही चोख असलं तरी शोधात हुकलेला लेख स्वतःहून हाक मारत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरात, आपल्याकडून काय हुकलं हे कसं कळेल, यावर आम्ही जास्त भर दिला आहे. खालच्या उत्तरांत शोधाचे शब्द देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष शोधताना ते अर्थातच रोमन अक्षरांत लिहायचे.

प्रश्न: बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी तोंडावाटे दिलेल्या मिसोप्रोस्टॉलचा ग्रामीण भागात किती उपयोग होतो, असा माझा विषय आहे. पबमेडमध्ये पूर्ण विषय इंग्रजीत टाइप केला, शेवटी बेळगावीही लिहिलं. हाती फारसं काही आलं नाही. आपल्याच जिल्ह्यात यावर मोठा अभ्यास झालाय असं गाईड सांगतात, तोही आला नाही. काय चुकलं? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, प्रसूतिशास्त्र, बेळगाव)

उत्तर: गाईड म्हणतात तो अभ्यास झालेला आहे, आणि तुमची चूक समजून घ्यायला तोच सगळ्यात उपयोगी आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २५ एएनएम ताईंनी केलेल्या बाळंतपणांत १,६२० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून मिसोप्रोस्टॉल किंवा तशीच दिसणारी प्लासिबो (औषध नसलेली) गोळी दिली गेली. मात्रा होती ६०० मायक्रोग्रॅम. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये हा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता त्याची पबमेडमधली नोंद बघा. शीर्षकात बेळगावचं नाव नाही, ‘तुटपुंज्या साधनांचे समाज’ अशा अर्थाचे शब्द आहेत. सारांशात ‘ग्रामीण भारत’ आहे. गावाचं नाव असतं तरी ते ‘बेळगावी’ असं नसतंच, कारण इंग्रजीतलं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदललं. शिवाय शीर्षकात ‘हॅमरेज’ हा शब्द ब्रिटिश पद्धतीने, ‘एच’नंतर ‘ए-ई’ घालून लिहिलेला आहे. तुम्ही वाक्य टाइप केलंत तेव्हा पबमेडने त्यातल्या बहुतेक प्रत्येक शब्दामध्ये ‘अँड’ घातलं: परिणामकारकता पाहिजे, आणि तोंडावाटे पाहिजे, आणि ग्रामीण पाहिजे, आणि बेळगावी पाहिजे. एक शब्द नसला की नोंद बाहेर. पबमेडने तुमच्या शब्दांचं काय केलं ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘डिटेल्स’ उघडलं की अक्षरशः दिसतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आधी विषयाचे तुकडे पाडा. तुमच्या विषयात शोधाच्या कामाचे तुकडे दोनच आहेत: अतिरक्तस्राव आणि मिसोप्रोस्टॉल. ‘ग्रामीण’, ‘परिणामकारकता’, ‘बेळगाव’ हे शब्द शोधात घालायचे नाहीत, नोंदी डोळ्यांखालून घालताना वापरायचे. परिणाम मोजणारे शब्द तर आम्ही सहसा शोधात ठेवतच नाही. लेखात रक्त चढवावं लागलं का हे मोजलेलं असतं आणि सारांशात त्याचा उल्लेखही नसतो, असं सर्रास घडतं.

प्रत्येक तुकडा दोन वाटांनी शोधायचा. पहिली वाट ‘मेश’ची. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही सुमारे ३०,००० विषयसंज्ञांची यादी आहे. लेखकाने काहीही शब्द वापरलेला असो, मेडलाइनमधल्या (पबमेडच्या गाभ्यातल्या, निवडक नियतकालिकांच्या सूचीतल्या) लेखावर ठरलेली संज्ञा चिकटवली जाते. म्हणून लॅन्सेटच्या त्या लेखाचं स्पेलिंग ब्रिटिश असूनही तो ‘पोस्टपार्टम हेमरेज’ या मेश संज्ञेखाली सापडतो. दुसरी वाट शीर्षक आणि सारांशातल्या मोकळ्या शब्दांची. शब्दामागे चौकोनी कंसात टी, आय, ए, बी ही चार अक्षरं लिहिली की शोध शीर्षक, सारांश आणि लेखकांनी दिलेल्या कीवर्डपुरता राहतो. ही दुसरी वाट लागतेच, कारण पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना मेश लागलेलं नसतं. अनेक भारतीय नियतकालिकं पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहामार्गे पबमेडमध्ये येतात पण मेडलाइनमध्ये नसतात. त्यांच्या लेखांना मेश कधीच मिळत नाही.

अ‍ॅडव्हान्स्ड पानावर एकेक ओळ स्वतंत्र चालवा. पहिली ओळ: पोस्टपार्टम हेमरेज, मेश. दुसरी: मोकळे शब्द. ‘पोस्टपार्टम’ एकत्र आणि ‘पोस्ट पार्टम’ तोडून, दोन्हींसोबत ‘हेमरेज’ दोन्ही स्पेलिंगने, मग ‘ब्लीडिंग’, ‘ब्लड लॉस’, आणि ‘थर्ड स्टेज’सोबत ‘लेबर’ची अमेरिकी व ब्रिटिश दोन्ही रूपं. सगळ्यांमध्ये ‘ऑर’, म्हणजे यांतलं कोणतंही एक असलं तरी चालेल. तिसरी ओळ: पहिली ऑर दुसरी. चौथी: मिसोप्रोस्टॉल मेश, ऑर मोकळा शब्द मिसोप्रोस्टॉल, ऑर सायटोटेक हे ब्रँडनाव. पाचवी: तिसरी अँड चौथी. ‘पीपीएच’ हे लघुरूप एकटं टाकलंत तर फुप्फुसांच्या रक्तदाबाचे आणि मूळव्याधीच्या एका शस्त्रक्रियेचेही लेख येतात. इथे मिसोप्रोस्टॉलशी ‘अँड’ असल्याने ते आपोआप गळतात, म्हणून ठेवायला हरकत नाही.

ऑर, अँड, नॉट मोठ्या लिपीत लिहा. कंस विसरू नका, कारण पबमेड डावीकडून उजवीकडे जसं येईल तसं सोडवत जातं. कंस नसला तर ‘अ ऑर ब अँड क’चा अर्थ तुम्हाला अभिप्रेत असेल त्याहून वेगळा निघतो आणि पडद्यावर चूक म्हणून काहीच दिसत नाही. शब्दाच्या शेवटी तारा (*) लावून सगळी रूपं पकडता येतात, मात्र ताऱ्याआधी किमान चार अक्षरं हवीत आणि शब्दाच्या पोटात तारा चालत नाही. म्हणून दोन्ही स्पेलिंगं लिहावीच लागतात.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आम्हाला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. विषयाला नक्की लागू पडणारे आठ-दहा लेख गाईडकडून, जुन्या रिव्ह्यूंच्या संदर्भसूचीतून आधीच जमवा. त्यांचे पबमेड क्रमांक ‘ऑर’ने जोडून एक ओळ चालवा. मग ‘ही ओळ नॉट अंतिम शोध’ अशी आणखी एक, म्हणजे ओळखीच्या लेखांपैकी शोधात न आलेले तेवढे दिसतील. उत्तर शून्य आलं तर निदान ओळखीचे लेख तरी शोधात आहेत. एखादा उरला तर तो उघडा, त्याचं शीर्षक, सारांश, मेश बघा, कोणता शब्द तुमच्या ओळीत नव्हता ते सापडेल. तो घाला, पुन्हा चालवा. मात्र ज्या लेखांवरून शब्द काढले त्यांच्यावरच परीक्षा घेऊ नका, अर्धे लेख परीक्षेसाठी बाजूला ठेवा.

एक सावधगिरी: पबमेडची हिस्टरी आठ तास हालचाल नसली की पुसली जाते. माय एनसीबीआयचं मोफत खातं काढून शोध तिथे साठवा, आणि ओळी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्येही ठेवा. वर्डमधून चिकटवताना अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि काही डेटाबेस ती ओळखत नाहीत.

प्रश्न: विड्या वळणाऱ्या बायकांच्या श्वसनविकारांवर आम्हा तिघींना रिव्ह्यू करायचा आहे. ‘बिडी’ला तारा लावला तर हजारो भलतेच लेख आले. (बी.एस्सी. नर्सिंग, निपाणी)

उत्तर: विषय निपाणीत सुचावा असाच आहे, मनापासून करा. हजारो लेख आले ते ताऱ्यामुळे. रोमन लिपीत बी-आय-डी-आय या चार अक्षरांनी ‘बायडायरेक्शनल’ हा शब्दही सुरू होतो, आणि तो शरीरशास्त्रापासून संगणकापर्यंत सगळीकडे आहे. ‘बिरी’ला तारा लावलात तर ‘बिरिनापँट’ नावाचं कर्करोगाचं प्रायोगिक औषध येईल. त्यामुळे इथे तारा नको. रूपं सुटी लिहा: बिडी आणि बिडीज, डबल ई घालून बीडी आणि बीडीज, बिरी आणि बिरीज. डबल ई असलेल्या रूपाला तारा लावला तरी चालतो. आपण ‘विडी’ म्हणतो म्हणून ‘व्ही’ने शोधू नका, इंग्रजी लेखांत ते क्वचितच सापडेल.

पुढची अडचण अशी की विडीवरचे बहुतांश लेख ओढणाऱ्यांवर आहेत, वळणाऱ्यांवर नाहीत. म्हणून दुसरा तुकडा कामाचा घ्या: वर्कर, रोलर, रोलिंग, मेकिंग, इंडस्ट्री, फॅक्टरी, ऑक्युपेशनल, मेशमधून ‘ऑक्युपेशनल एक्स्पोजर’, ‘ऑक्युपेशनल डिसीजेस’, ‘टोबॅको इंडस्ट्री’. श्वसनविकार हा तिसरा तुकडा घालण्याचा मोह टाळा. विडी कामगारांच्या एकूण आरोग्याची पाहणी करणाऱ्या लेखात खोकला आणि दमा पोटातल्या तक्त्यात असतो, सारांशात पाठदुखी आणि डोळ्यांच्या तक्रारीच असतात. दोन तुकड्यांवर येणाऱ्या नोंदी तिघींना नजरेखालून घालता येतील इतक्याच असतात.

नोंदी तरीही जास्त वाटल्या तर पबमेडमध्ये नोव्हेंबर २०२२ पासून जवळपासचा शोध आहे. दोन शब्द अवतरणात, मागे चौकोनी कंसात टी-आय-ए-बी, विसर्गचिन्ह, नागमोडी रेघ आणि आकडा. आकडा ३ म्हणजे दोन शब्दांच्या मध्ये जास्तीत जास्त तीन शब्द, क्रम कसाही. यात तारा चालत नाही, त्यामुळे ‘वर्कर’ आणि ‘वर्कर्स’ वेगवेगळे लिहावे लागतात. ओव्हिड या मेडलाइन शोधायच्या दुसऱ्या मंचावर हाच शोध ‘एडीजे’ने होतो, पण तिथे ३ म्हणजे मध्ये दोनच शब्द. एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे तसाच नेला की रचना बदलते.

हे अभ्यास पाहणीचे असल्याने भारतीय, लहान नियतकालिकांत विखुरलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘ग्लोबल इंडेक्स मेडिकस’ मोफत आहे आणि त्यात दक्षिण-पूर्व आशियाची ‘इमसिअर’ ही सूची येते. ती जरूर बघा. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे.

प्रश्न: पबमेडच्या डाव्या बाजूला ‘ह्यूमन्स’, ‘इंग्लिश’, ‘फ्री फुल टेक्स्ट’, ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ अशा चौकटी आहेत. त्यांवर खूण केली की काम हलकं होतं. करावी का? (कम्युनिटी मेडिसिन विभाग, बेळगाव)

उत्तर: रिव्ह्यूसाठी एकही नको. ‘ह्यूमन्स’ची चौकट मेशवर चालते, म्हणजे मेश न लागलेली प्रत्येक नोंद, मग ती माणसांवरचीच का असेना, जाते. त्याऐवजी नॉट वापरा: ‘अ‍ॅनिमल्स मेश नॉट ह्यूमन्स मेश’ एवढं कंसात घेऊन त्याच्या आधी नॉट. मेशच्या झाडात माणूस प्राण्यांच्याच फांदीवर आहे, म्हणून हे दुहेरी नॉट लागतं. यात फक्त प्राण्यांवरचे म्हणून नोंदलेलेच लेख जातात, बिनमेशचे राहतात.

उपचारांच्या चाचण्यांसाठी चौकटीऐवजी, असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेची तपासलेली गाळणी (तयार शोध-ओळ) घ्या. तिच्या कमाल पकडीच्या रूपात आठ गोष्टी ‘ऑर’ने जोडलेल्या आहेत: प्रकाशनप्रकार म्हणून ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ आणि ‘कंट्रोल्ड क्लिनिकल ट्रायल’, शीर्षक-सारांशात ‘रँडमाइज्ड’, ‘प्लासिबो’, ‘रँडमली’, ‘ट्रायल’, ‘ग्रुप्स’, आणि उपसंज्ञा म्हणून ‘ड्रग थेरपी’. पाठोपाठ वरचं दुहेरी नॉट. विडी कामगारांसारख्या पाहणीच्या विषयाला मात्र ही लावायची नाही.

‘फ्री फुल टेक्स्ट’ची खूण सगळ्यात घातक. त्याने तुमचा रिव्ह्यू ‘फुकट मिळालेल्या लेखांचा रिव्ह्यू’ होतो. लेख मिळवण्याची अडचण शोध संपल्यावर सोडवायची. भाषेचंही तसंच. परभाषेतल्या लेखाचं शीर्षक पबमेडमध्ये इंग्रजीत भाषांतर करून चौकोनी कंसात दिलेलं असतं, त्यामुळे तो ओळखता येतो. वगळायचा असेल तर वाचून, कारण लिहून वगळा.

प्रश्न: खानापूरच्या जंगलपट्टीत काम करताना माकडतापाबद्दल वाचतो आहे. सुरुवातीच्या काळातले अभ्यास शोधात येतच नाहीत. (वैद्यकीय अधिकारी, खानापूर तालुका)

उत्तर: डॉक्टर, जुन्या नोंदींचा सांगाडाच वेगळा आहे. हा आजार १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. मेडलाइनमध्ये १९७५ च्या आधीच्या नोंदींना सहसा सारांश नसतो. तेव्हा तुमच्या तीन-चार तुकड्यांपैकी प्रत्येकातला शब्द केवळ शीर्षकातच असायला हवा, आणि सात-आठ शब्दांच्या शीर्षकात एवढं मावत नाही. त्यामुळे या विषयाला एकच तुकडा पुरे: मेशमधलं ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’, मोकळ्या शब्दांत ‘क्यासनूर’ एवढंच, ‘केएफडी’, ‘मंकी फीव्हर’, ‘मंकी डिसीज’. ‘क्यासनूर’ हा शब्द इतका विरळ आहे की त्याला आणखी काही जोडावं लागत नाही. गोचिडांवरचे कीटकशास्त्रीय लेख हवे असतील तर ‘हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ची ओळ वेगळी चालवा.

प्रदेशानुसार शोधायचं झालं तर गावांची आणि राज्यांची सगळी नावं लिहा. २०१४ मध्ये बेळगावबरोबर शिमोगा, विजापूर, गुलबर्गा, म्हैसूर, हुबळी यांचीही इंग्रजी नावं बदलली. १ नोव्हेंबर १९७३ पूर्वी कर्नाटकाचं नाव म्हैसूर राज्य होतं, आणि १९५६ पूर्वी आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. जुन्या लेखात ‘कर्नाटक’ शोधणं व्यर्थ. अलीकडच्या काळासाठी २०१५ मधला गोव्यातल्या सत्तरीचा आणि २०१६ मधला सिंधुदुर्गाचा उद्रेक तुमच्या सीमेला लागून आहेत. ‘कर्नाटक’ अशी अट घातली तर नेमके तेच लेख जातील. जंगल सलग आहे, राज्याची हद्द गोचिडाला लागू नाही.

प्रश्न: मधुमेहात गुळवेल, असा सिनॉप्सिस मंजूर झाला आहे. पबमेडमध्ये ‘गुळवेल’ टाकल्यावर काही मिळत नाही. (आयुर्वेद पदव्युत्तर विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर: वनस्पतीला जितकी नावं तितक्या ओळी. ‘टायनोस्पोरा’ ही मेश संज्ञा, ‘टायनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ आणि आद्याक्षरासह ‘टी. कॉर्डिफोलिया’, संस्कृत गुडूची, हिंदी गिलोय, मराठी गुळवेल, कन्नड अमृतबळ्ळी. रोमनमध्ये प्रत्येकाची दोन-तीन स्पेलिंगं: गुडूची एका ‘यू’ने आणि डबल ‘ओ’ने, अमृत ‘आर-आय’ने आणि ‘आर-यू’ने, ‘टी’नंतर ‘एच’ असलेलं आणि नसलेलं. एकटं ‘अमृता’ मात्र टाकू नका, ते व्यक्तींच्या आणि संस्थांच्या नावांतही येतं.

मोठा प्रश्न मिश्र औषधांचा. गुळवेल घटक असलेल्या पाच-सहा वनस्पतींच्या काढ्याच्या चाचणीत सारांशात फक्त योगाचं, म्हणजे मिश्र औषधाचं, नाव असतं. असे अभ्यास घ्यायचे की नाहीत हे प्रोटोकॉलमध्येच (रिव्ह्यूच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात) ठरवा. घ्यायचे असतील तर योगांची नावं ग्रंथांतून काढून त्यांची स्वतंत्र ओळ करा. प्रोटोकॉल ‘प्रॉस्पेरो’ या रिव्ह्यूंच्या नोंदवहीत मोफत नोंदवता येतो, आणि तो शोधातल्या नोंदी बघण्याआधी नोंदवायचा असतो.

पबमेडबाहेर आयुष रिसर्च पोर्टल आणि ‘धारा’ ही आयुर्वेदाची शोधसूची बघा. दोन्हींत लांबलचक रचना चालत नाही, एकेक नाव टाकून निकाल टिपून ठेवावे लागतात. सीटीआरआय ही आपली चाचणी-नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. पूर्ण होऊनही न छापलेल्या चाचण्या तिथेच कळतात. तिथला शोध साधा असल्याने तीच नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीटीआरपी’ पोर्टलवरूनही शोधा. आयुर्वेदात न छापलेल्या चाचण्या खूप असतात, हे काम टाळू नका. बेळगावातच पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, आयसीएमआरची. तिथल्या ग्रंथालयात विचारून बघायला काहीच हरकत नाही.

प्रश्न: एम्बेस आमच्या कॉलेजात नाही. त्याशिवाय रिव्ह्यू छापला जाईल का? ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये ते मिळतं ना? (सहायक प्राध्यापक, संकेश्वर)

उत्तर: त्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना मिळतात, खासगी महाविद्यालयांना सध्या नाहीत. पण ती नियतकालिकं आहेत, म्हणजे लेखाचा पूर्ण मजकूर. एम्बेस ही शोधायची सूची आहे, ती गोष्ट वेगळी.

कॉक्रेनची किमान अपेक्षा मेडलाइन, एम्बेस आणि सेंट्रल (कॉक्रेनची चाचण्यांची सूची, पबमेड सेंट्रल नव्हे) या तिघांची आहे. एम्बेसमध्ये औषधांवरचं आणि युरोपातलं साहित्य जास्त, शिवाय २००९ पासूनच्या परिषदांचे सारांश. चाचण्यांचा रिव्ह्यू असेल तर एक सोय आहे: कॉक्रेन लायब्ररीतल्या ‘सेंट्रल’मध्ये एम्बेसमधल्या चाचण्यांच्या नोंदीही घातलेल्या असतात. सेंट्रल नीट शोधलंत तर एम्बेसची बरीच उणीव भरून निघते. पाहणीच्या विषयाला हा मार्ग उपयोगाचा नाही. तिथे एम्बेस असलेल्या संस्थेतल्या सहलेखकाला सोबत घ्या.

रचना नेताना प्रत्येक ओळीचं भाषांतर करावं लागतं. एम्बेसची यादी मेश नसून ‘एमट्री’ आहे, संज्ञा वेगळ्या आहेत, एकेक शोधून बघावी लागते. सेंट्रलमध्ये मेश चालतं, शब्दाच्या पोटात प्रश्नचिन्हही चालतं.

गुगल स्कॉलर एम्बेसची जागा घेऊ शकत नाही. कितीही हजार निकाल सांगितले तरी ते पहिले १,००० च दाखवतं, लांब रचना घेत नाही, आणि आजचा क्रम उद्या तसाच राहत नाही. एखाद्या लेखाचा पुढे कुणी हवाला दिला हे बघायला मात्र ते चांगलं आहे.

प्रश्न: चॅटजीपीटीने शोधाची रचना करून दिली तर वापरू का? (इंटर्न, बेळगाव)

उत्तर: समानार्थी शब्द सुचवायला वापरा, बाकी हाताने तपासा. ते अस्तित्वात नसलेल्या मेश संज्ञा अगदी खऱ्यासारख्या लिहून देतं. ‘ऑर’च्या लांब ओळीत अशी संज्ञा शून्य नोंदी आणते, बाकी शब्द चालत राहतात, आणि त्या वाटेने काहीच आलं नाही हे लक्षातही येत नाही. प्रत्येक संज्ञा मेश ब्राउझरमध्ये शोधा. त्याने दिलेले संदर्भ तर पबमेडमध्ये सापडल्याशिवाय कुठेच लिहू नका.

प्रश्न: आमच्याकडे विद्यार्थी पाच डेटाबेसच्या फाइली आणून देतात आणि ‘डुप्लिकेट काढा’ म्हणतात. कोणत्या क्रमाने करावं, आणि काय लिहून ठेवावं? (ग्रंथपाल, चिकोडी)

उत्तर: फाइल हातात येताच आधी मोजा. पबमेडमधून एका वेळी १०,००० पर्यंतच नोंदी उतरतात, त्याहून मोठा शोध वर्षांनुसार तोडून उतरवावा लागतो. डेटाबेसने सांगितलेली संख्या आणि झोटेरो किंवा एंडनोट या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आलेली संख्या जुळली नाही तर तिथेच थांबा. नोंदी बहुतेक याच टप्प्यावर सांडतात.

मूळ फाइली जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये ठेवा, काम प्रतीवर करा. पहिली फेरी डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) आणि पबमेड क्रमांकावर. दुसरी शीर्षक, वर्ष आणि पानांवर. तिसरी डोळ्यांनी, शीर्षकानुसार लावून. यंत्र का चुकतं ते ठाऊक असू द्या: वर सांगितलेला लॅन्सेटचा लेखच एका डेटाबेसमध्ये पानं १२४८-५३ आणि दुसऱ्यात १२४८-१२५३ असा असू शकतो, नियतकालिकाचं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे संक्षिप्त, लेखकांची आद्याक्षरं कमी-जास्त. उलट बाजूने, परिषदेतला सारांश आणि नंतरचा पूर्ण लेख यांचं शीर्षक एकच असलं तरी ते डुप्लिकेट नव्हेत. एकाच अभ्यासाचे ते दोन अहवाल आहेत, दोन्ही ठेवून एकत्र बांधायचे. यंत्राला ‘सगळे आपोआप काढ’ सांगितलं की हे जातात.

वहीत प्रत्येक डेटाबेससाठी ही माहिती हवी: डेटाबेसचं नाव आणि तो कोणत्या मंचावर शोधला (मेडलाइन पबमेडवर की ओव्हिडवर, हे लिहिलंच पाहिजे), शोधाची तारीख, प्रत्येक ओळ जशी चालवली तशी, ओळीची संख्या, उतरवलेल्या नोंदी, आणि डुप्लिकेट काढण्याआधीची व नंतरची बेरीज. २०२१ मध्ये आलेल्या ‘प्रिझ्मा-एस’ या शोध कसा नोंदवावा याच्या यादीतल्या सोळा मुद्द्यांत हे सगळं आहे, आणि रिव्ह्यू कसा मांडावा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० च्या प्रवाहचित्रातले वरचे चौकोन याच आकड्यांनी भरतात. रचना चालवण्याआधी दुसऱ्या ग्रंथपालाकडून ‘प्रेस’ या शोधरचनेच्या तपासणीयादीप्रमाणे तपासून घेता आली तर फार बरं. कंस, चुकलेला ओळक्रमांक आणि अँडच्या जागी ऑर, या तीन चुका स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाहीत.

शोध आणि छपाई यांत बारा महिन्यांहून जास्त अंतर पडलं तर शोध पुन्हा चालवावा लागतो. तेव्हा प्रकाशनवर्षाने नवे लेख वेगळे करू नका. २०२३ चा लेख पबमेडमध्ये २०२५ मध्येही दाखल होऊ शकतो. नोंद दाखल झाल्याच्या तारखेने, म्हणजे चौकोनी कंसात सी-आर-डी-टी लिहून, मागच्या शोधाच्या महिनाभर आधीपासून शोधा, आणि जे पुन्हा आलं ते जुन्या फाइलशी ताडून काढून टाका.